उत्तर, मौन आणि नकार : वेळेच्या सर्व्हरची संपर्कचाचणी व प्रवेशाधिकार

संभाषणाचा अभ्यास करणाऱ्यास सेकंदाचा पाचवा भाग हा मोठा काळ असतो. एकाचा प्रश्न संपणे आणि दुसऱ्याचे उत्तर सुरू होणे यांच्यामध्ये सामान्यतः तेवढेच अंतर पडते. टान्या स्टिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातील दहा भाषांतील प्रश्नोत्तरे मोजून ही गोष्ट दाखवून दिली. होय किंवा नाही असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नांनंतरचे अंतर सरासरीने ०.२ सेकंदाच्या आसपास भरले. जपानीत ते जवळजवळ शून्य होते, तर डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या जवळ जाणारे. त्या दहांमध्ये भारतातील एकही भाषा नव्हती. मराठीविषयी असे मापन व्हावे या हेतूने आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने गतवर्षी काही संभाषणे ध्वनिमुद्रित केली. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता यंत्रशास्त्राचा असला, तरी तो या पत्रिकेत का यावा, याचे उत्तर त्या मुद्रणांच्या कथेत आहे.

दोन बोलणारे दोन स्वतंत्र खोल्यांत बसत, हेडफोनमधून एकमेकांचे बोलणे ऐकत, आणि प्रत्येकाचा आवाज त्याच्या खोलीतील संगणकावर नोंदला जाई. प्रत्येक नोंदीवर त्या त्या संगणकाच्या घड्याळाची वेळ पडे. नोंदी जुळवून पाहता असे दिसले की, पहिल्या खोलीतील वयस्क व्यक्ती उत्तर देण्यापूर्वी सुमारे ०.६ सेकंद थांबते. दुसऱ्या खोलीतील तरुण व्यक्ती मात्र प्रश्न संपण्याच्या ०.२ सेकंद आधीच बोलू लागते. वयाचा आणि संभाषणातील उतावीळपणाचा संबंध दाखविणारे एक संपूर्ण प्रकरण यावर लिहून झाले. ते प्रकरण मी वाचले होते व त्याची वाखाणणीही केली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे.

शंका आली ती एका मुद्रणामुळे. त्यात काही अडचणीमुळे दोघांनी खोल्या बदलल्या होत्या. आणि त्या मुद्रणात वयस्क गृहस्थ उतावीळ झाले होते व तरुण मुलगा धीरगंभीर. उतावीळपणा वयात नव्हता, खोलीत होता. दुसऱ्या खोलीतील संगणकाचे घड्याळ ०.४ सेकंद मागे चालले होते. त्यामुळे तेथील प्रत्येक उत्तर नोंदीत ०.४ सेकंद लवकर पडे, आणि त्या खोलीतून गेलेल्या प्रश्नांना मिळालेली उत्तरे तेवढीच उशिरा आल्यासारखी दिसत. खरे अंतर दोन्ही बाजूंस ०.२ सेकंदच असावे असे मानले, तर एकीकडे उणे ०.२ व दुसरीकडे ०.६ हे आकडे आपोआप मिळतात. सर्व मुद्रणे एकाच दुपारी दोनेक तासांत उरकली होती, म्हणून चूकही जवळजवळ सारखीच राहिली व ती एखाद्या स्वभावविशेषासारखी भासली. हीच मुद्रणे आठवडाभर पसरलेली असती, तर चूक वाढत जाऊन तिने स्वतःच आपली चुगली केली असती. साध्या संगणकातील स्फटिकाचे घड्याळ दहा लाखांत दहा भागांनी चुकले, तरी दिवसाला ०.८६ सेकंदाचा फरक पडतो, आणि एवढी चूक मुळीच असाधारण नव्हे.

वास्तविक दोन्ही संगणकांनी विभागातील एकाच यंत्राकडून वेळ घ्यावी अशी व्यवस्था होती. गच्चीवर लावलेल्या अँटेनाने जीपीएसच्या उपग्रहांवरून वेळ घेऊन ती जाळ्यातील इतर संगणकांस देणारे हे यंत्र होय. त्यास मराठीत अद्याप रुळलेले नाव नाही. 'कालयंत्र' म्हणावे, तर भूतभविष्यात फिरवून आणणाऱ्या कादंबऱ्यांतील यंत्राची आठवण होते. यास्तव 'वेळेचा सर्व्हर' हा व्यवहारातील शब्दच येथे वापरला आहे. संगणक ज्या संकेतावलीने या सर्व्हरशी बोलतात ती एनटीपी या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी तिची आखणी केली, १९८५ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली, आणि तिची चौथी आवृत्ती २०१० पासून प्रमाण मानली जाते. मिल्स २०२४ च्या जानेवारीत निवर्तले.

ही संकेतावली म्हणजे एक लहानसे प्रश्नोत्तरच होय, आणि भाषाभ्यासकाने तिच्याकडे त्या दृष्टीने पाहिल्यास तिचे मर्म चटकन ध्यानात येते. संगणक प्रश्न पाठवितो तेव्हा आपल्या घड्याळातील वेळ टिपतो. सर्व्हर प्रश्न पोचल्याची व उत्तर निघाल्याची अशा दोन वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे टिपतो. उत्तर हाती येताच संगणक चौथी वेळ टिपतो. समजा, प्रश्न १०.००० सेकंदास निघाला. सर्व्हरला तो १०.४१० ला मिळाला, त्याने १०.४११ ला उत्तर धाडले, ते १०.०२१ ला परत आले. जाताना ०.४१० चा फरक दिसतो, येताना ०.३९० चा. दोहोंची सरासरी ०.४०० ही संगणकाच्या घड्याळातील चूक; आणि एकूण गेलेल्या ०.०२१ सेकंदांतून सर्व्हरने घेतलेला ०.००१ वजा केला, की उरलेले ०.०२० सेकंद हा वाटेतील विलंब.

आमच्या विद्यार्थिनीच्या आकड्यांशी हे गणित ताडून पाहावे. तेथेही दोन दिशांची दोन अंतरे होती; त्यांची सरासरी खरे अंतर देत होती व त्यांच्या फरकाचा अर्धा भाग घड्याळाची चूक. परंतु या गणितात एक गृहीत दडलेले आहे : जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागतो, हे ते गृहीत. वरच्याच उदाहरणात जाण्यास ०.०१८ व येण्यास ०.००२ सेकंद लागले असते, तर एकूण विलंब तोच ०.०२० भरला असता, पण चूक ०.४०८ निघाली असती, म्हणजे खऱ्या चुकीहून ०.००८ अधिक. दोन वाटांतील फरकाच्या निम्मा दोष उत्तरात उतरतो, आणि तो उतरला आहे हे त्या चार आकड्यांवरून कधीही कळत नाही. संभाषणातही तसेच आहे. दोन माणसे खरोखरच वेगवेगळ्या गतीने उत्तरे देत असतील, तर केवळ नोंदींवरून स्वभाव कोणता आणि घड्याळ कोणते हे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच खोल्यांच्या त्या अदलाबदलीचे मोल मोठे.

आता प्रश्न असा की, व्यवस्था असताना दुसऱ्या खोलीतील संगणकास वेळ का मिळाली नाही. येथे संपर्काची चाचणी कशास म्हणावे, याचा विचार करावा लागतो.

आम्ही प्रथम तेच केले जे सर्वजण करतात. तारेच्या टोकाशी हिरवा दिवा लागलेला होता. त्यावरून तार जोडलेली आहे व दोन्ही टोकांस वीज आहे इतकेच सिद्ध होते. मग आम्ही सर्व्हरला 'पिंग' केले. हा लहानसा प्रोग्राम माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिला, आणि पाण्याखाली ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यास हे अनुकरणवाचक नाव दिले. एक संगणक दुसऱ्यास प्रतिध्वनी मागतो. दुसरा तो जसाच्या तसा परत करतो. आमच्या सर्व्हरने प्रत्येक हाकेला सेकंदाच्या हजाराव्या भागात उत्तर दिले, आणि संपर्क उत्तम आहे असे समजून आम्ही घरी गेलो.

ही चूक यंत्रविषयक नव्हती, अर्थविषयक होती. पिंगचे उत्तर हे दारावर थाप मारली असता आतून आलेल्या 'ओ'सारखे असते. घरात कोणी आहे, हे त्यावरून कळते. तो आपल्याला आत घेईल की नाही, किंवा त्याच्या भिंतीवरचे घड्याळ बरोबर आहे की नाही, हे कळत नाही. उपग्रहाशी संबंध तुटलेला सर्व्हरही पिंगला तितक्याच तत्परतेने उत्तर देतो. उलटपक्षी, सुरक्षिततेसाठी पिंगला उत्तर न देण्याची सूचना दिलेला सर्व्हर मूक राहतो, पण वेळ मात्र अगदी बिनचूक पुरवितो. ज्या गोष्टीची खात्री करून घ्यावयाची, त्याच गोष्टीविषयी प्रश्न विचारला पाहिजे. आणि येथे तो प्रश्न एनटीपीच्याच भाषेत, १२३ क्रमांकाच्या पोर्टावर विचारावा लागतो.

त्या उत्तरात पाहण्यासारखे बरेच असते. पहिली गोष्ट म्हणजे सर्व्हरचा स्तर. प्रत्यक्ष उपग्रहावरून किंवा आण्विक घड्याळावरून वेळ घेणारा पहिल्या स्तराचा, त्याच्याकडून घेणारा दुसऱ्या, याप्रमाणे पंधरापर्यंत. सोळा हा आकडा दिसला, की त्या यंत्राची वेळ कशाशीही जुळलेली नाही असे समजावे. दुसरी गोष्ट म्हणजे गेल्या आठ प्रश्नांपैकी कितींना उत्तर आले याची नोंद. ती अष्टमान पद्धतीने लिहिलेली असते. ३७७ म्हणजे आठही उत्तरे आली. ३७६ म्हणजे सात आली व अगदी शेवटचे हुकले. ० म्हणजे एकही आले नाही. संगणक ६४ सेकंदांनी एकदा विचारत असेल, तर ही नोंद भरण्यास साडेआठ मिनिटे लागतात. तेवढा धीर धरल्याशिवाय चाचणी झाली असे म्हणू नये. दुसऱ्या खोलीतील संगणकावर ही नोंद वाचली तेव्हा तेथे शून्य होते. पिंगला उत्तर, वेळेच्या प्रश्नाला मौन.

मौनाचा अर्थ लावणे ही भाषाशास्त्रातही अवघड गोष्ट आहे. प्रश्न पोचला नाही, पोचला पण समजला नाही, समजला पण उत्तर देण्याची इच्छा नाही, या सर्वांचे बाह्य रूप एकच. आमच्या बाबतीत तिसरा प्रकार होता. खोल्यांतील तारा नव्याने घातल्या तेव्हा दुसऱ्या खोलीतील संगणकाचा जाळ्यातील पत्ता बदलला होता, आणि वेळ कोणाकोणास द्यावी याची जी यादी सर्व्हरमध्ये होती तीत नवा पत्ता नव्हता. यादी केवळ वेळेच्या प्रश्नांना लागू होती, पिंगला नव्हती. म्हणून संपर्कचाचणी आणि प्रवेशाधिकार हे दोन स्वतंत्र विषय समजण्यात अर्थ नाही. अधिकार कसे ठरविले आहेत हे ठाऊक नसेल, तर चाचणीच्या निकालाचा अर्थच लावता येत नाही.

अधिकार तीन प्रकारचे असतात व ते वेगळे ठेवावे लागतात : वेळ विचारण्याचा, यंत्राची आतील स्थिती विचारण्याचा, आणि मांडणी बदलण्याचा. पहिला पुष्कळांस द्यावा, तिसरा एकदोघांस. मधला निरुपद्रवी वाटतो, आणि घात तेथेच होतो. एनटीपीच्या जुन्या प्रोग्राममध्ये 'मॉनलिस्ट' नावाची एक आज्ञा होती. अलीकडे ज्यांनी ज्यांनी वेळ विचारली अशा सहाशेपर्यंत संगणकांचे पत्ते ती एका प्रश्नाच्या उत्तरादाखल पाठवी. प्रश्न इवलासा, उत्तर प्रचंड. काही दुष्टबुद्धीच्या लोकांनी दुसऱ्याच्याच नावाने हा प्रश्न जगभरच्या सर्व्हरांस विचारला, आणि उत्तरांचा लोंढा त्या बिचाऱ्या तिसऱ्यावर कोसळला. २०१४ च्या फेब्रुवारीत झालेल्या अशा एका हल्ल्याचा जोर सेकंदाला सुमारे ४०० अब्ज बिटांपर्यंत गेला होता. त्यात वापरले गेलेले सर्व्हर कोणी फोडलेले नव्हते. विचारणाऱ्यास उत्तर देणे एवढाच त्यांचा अपराध होता.

मौन पाळण्याचेही दुष्परिणाम असतात. २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील वेळेच्या सर्व्हरवर प्रश्नांचा अकस्मात पूर लोटला. सेकंदाला लक्षावधी प्रश्न येऊ लागले. शोधाअंती असे निघाले की, घरगुती वापराच्या काही राउटरांमध्ये त्या विद्यापीठाच्या सर्व्हरचा पत्ता कारखान्यातच कायमचा लिहून ठेवलेला होता, आणि अशी सात लाखांहून अधिक यंत्रे बाजारात गेली होती. उत्तर मिळाले तर ती यंत्रे बराच काळ गप्प बसत. उत्तर न मिळाल्यास मात्र दर सेकंदाला पुन्हा विचारीत. विद्यापीठाने आपल्या रक्षणार्थ मौन स्वीकारले, आणि प्रश्न कमी होण्याऐवजी वाढले. शाळेत शिकविलेल्या कोणासही यात नवल वाटणार नाही.

मौनाहून स्पष्ट नकार बरा, हे तत्त्व चौथ्या आवृत्तीत म्हणूनच नीट मांडलेले दिसते. उत्तरात स्तराच्या जागी शून्य घालून पुढे चार अक्षरांचा एक शब्द लिहावयाचा : 'डिनाय' अर्थाचा शब्द आला तर तुला येथे मनाई आहे, 'रेट' आला तर तू फार घाईने विचारतोस. पहिला ऐकून संगणकाने त्या दाराशी पुन्हा जाऊ नये, दुसरा ऐकून सावकाश विचारावे. अर्थात ऐकणारा सभ्य असेल तरच याचा उपयोग. आमच्या सर्व्हरवर नकाराची ही सोय चालू असती, तर दुसऱ्या खोलीतील संगणकाच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी कारण लिहिलेले सापडले असते.

राहिला प्रश्न मांडणी बदलणाऱ्या माणसांचा. येथे दोन क्रिया वारंवार एकमेकींत मिसळल्या जातात : आलेला माणूस तोच आहे याची ओळख पटविणे, आणि ओळख पटल्यावर त्यास काय काय करता येईल ते ठरविणे. पारिभाषिक मराठीत पहिलीस 'प्रमाणीकरण' व दुसरीस 'प्राधिकरण' असे शब्द योजलेले आढळतात. दुसरा शब्द मला पसंत नाही. 'प्राधिकरण' म्हटले की मराठी माणसास एखादे सरकारी मंडळ, आणि पुण्याकडच्यास तर निगडीचा परिसरच, डोळ्यांसमोर येतो. 'ओळख पटविणे' आणि 'अधिकार देणे' हे जुने शब्दप्रयोग दोन्ही क्रियांचा भेद अधिक चांगला दाखवितात. तीच गोष्ट 'परवलीच्या शब्दा'ची. पहारेकऱ्यांच्या तोंडचा हा शब्द पासवर्डसाठी इतका नेमका असताना तो मागे पडावा, याची खंत वाटते.

आमच्या सर्व्हरला परवलीचा शब्द होता, पण तो कारखान्याने दिलेला, म्हणजे माहितीपुस्तक वाचलेल्या कोणासही ठाऊक असलेला. शिवाय सर्वांसाठी मिळून खाते एकच होते. यादीत शेवटचा बदल कोणी केला असे विचारता यंत्राने त्या खात्याचे नाव सांगितले. आणि ते खाते तर आम्हा पाचही जणांचे होते. ओळख पटली होती, पण कोणाचीच नाही. आता प्रत्येकास स्वतंत्र खाते आहे, दोघांसच बदलाचा अधिकार आहे, बाकीच्यांस केवळ पाहण्याचा. टेलनेट बंद केले आहे, कारण त्यात परवलीचा शब्द तारेवरून उघडावाघडा जातो. त्याच्या जागी एसएसएच आहे, जे १९९५ मध्ये तातू य्लोनेन यांनी नेमक्या याच चोरीवर उपाय म्हणून लिहिले. यंत्रांची दुरून देखरेख करणाऱ्या एसएनएमपी या संकेतावलीच्या जुन्या आवृत्त्यांत वाचण्यासाठी 'पब्लिक' व बदलण्यासाठी 'प्रायव्हेट' हे शब्द प्रघाताने चालत आले आहेत. जो गुप्त शब्द स्वतःच 'गुप्त' असा आहे, तो किती काळ गुप्त राहणार! तिसरी आवृत्ती वापरल्यास ही अडचण उरत नाही.

अधिकार घट्ट करताना एक धोका असतो, तो मी स्वतः अनुभवला. कोणत्या पत्त्यांवरून सर्व्हरची मांडणी बदलता यावी याची यादी मी भरली, ती लागू केली, आणि त्याच क्षणी माझा संपर्क तुटला. यादीत माझ्या स्वतःच्या संगणकाचा पत्ता नव्हता. कड्या आतून लावून मी बाहेर उभा होतो. सुदैवाने अशा यंत्रांस जाळ्याशी संबंध नसलेली एक सीरियल तार जोडण्याची सोय असते. ती तार चालते की नाही हे अधिकारांस हात लावण्यापूर्वीच तपासावे. आणि नवीन नियम लागू केल्यावर चालू खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून प्रवेश करून पाहावा.

आतापर्यंत सर्व्हरने विचारणाऱ्याची ओळख पटवून घेण्याविषयी बोललो. उलट दिशेचा संशयही तितकाच रास्त आहे : उत्तर देणारा सर्व्हर तोच कशावरून? साध्या एनटीपीत याची हमी नसते. दोघांस ठाऊक असलेली गुप्त किल्ली वापरणे हा जुना उपाय. २०२० मध्ये प्रमाणित झालेली एनटीएस ही व्यवस्था अधिक सोयीची आहे. भारतात २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी कंपन्यांस व सरकारी संस्थांस आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरशी, जुळविण्यास सांगितले आहे. आमच्या संगणकांवर विभागातील सर्व्हरच्या जोडीला या दोहोंचेही पत्ते आता दिले आहेत, त्यामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याशी ताडून पाहता येते.

जुनी मुद्रणे सरासरी काढून दुरुस्त करावीत अशी सूचना एका सहकाऱ्याने केली होती. ती आम्ही स्वीकारली नाही; तसे केल्यास दोन्ही व्यक्ती सारख्याच गतीने बोलतात हे आधीच धरून चालावे लागले असते, आणि शोधावयाचे तर नेमके तेच होते. विद्यार्थिनीने ते प्रकरण बाजूस ठेवून सर्व संभाषणे पुन्हा मुद्रित केली. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी व अखेरीस दोन्ही खोल्यांची दारे उघडून मधल्या जागेत एक टाळी वाजविली जाते आणि निम्म्या मुद्रणांत खोल्यांची अदलाबदल होते. टाळीच्या दोन नोंदींत पाच मिलिसेकंदांहून अधिक फरक दिसला, तर ते मुद्रण मोजण्यास घ्यावयाचे नाही असे तिने ठरविले आहे.